शेजारच्या सीटचं वजन

माझं काम गाडीच्या पोटाखालचं. इंजिनाला मी हात लावत नाही, रंगाशी मला घेणंदेणं नाही. स्प्रिंगा, शॉक, सांध्यांतले रबरी बुश, आणि गेली सहा वर्षं एअर सस्पेन्शन. चारही चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा काढायच्या, त्यांच्या जागी हवा भरायचे जाड रबरी फुगे बसवायचे, डिकीत कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी. एक बटण दाबलं की गाडी वर, दुसरं दाबलं की खाली. हौशी लोकांना उभी गाडी रस्त्याला चिकटलेली हवी असते, आणि खड्डा दिसला की तीच गाडी वीतभर वर हवी असते. दोन्हीकडचे लाड पुरवायचं हे काम. मी ते चोख करते. शेडला पाटी नाही, तरी लोक विचारत विचारत येतात.

त्या सोमवारी सकाळी टोइंगच्या ट्रकवरून जी गाडी उतरवली, ती मी लांबूनच ओळखली. हातातला पाना मी बाकावर ठेवला. ठेवला, फेकला नाही. मुद्दाम सांगते, कारण त्या आठवड्यात मी बरंच काही फेकलं.

ट्रकच्या केबिनमधून धाकटा उतरला. माझा सख्खा भाऊ. नऊ महिने मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"ताई, एअर बसवायचंय."

ना कशी आहेस, ना आत येऊ का.

"आता?" मी म्हणाले. "आता बसवायचंय? वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच."

त्यानं मान खाली घातली. लहानपणापासूनची त्याची ही युक्ती. मान खाली घातली की आई विरघळायची. मी आई नाही.

राग कशाचा ते सांगून टाकते. नऊ महिन्यांपूर्वी एका दुपारी आईच्या छातीत दुखायला लागलं. धाकटा तिच्याच घरी राहतो, त्यामुळे तो तिला घेऊन निघाला, याच गाडीतून. गाडी इतकी खाली घेतलेली की खालून मांजर गेलं नसतं. घरापासून दवाखाना सरळ रस्त्यानं बारा मिनिटं. पण त्या रस्त्यावर तीन मोठे स्पीडब्रेकर आहेत, आणि त्यांवरून ही गाडी जात नाही, पोट घासतं. म्हणून साहेब बाहेरच्या रस्त्यानं वळसा घालून गेले. एकतीस मिनिटं. आई वाटेतच गेली, त्याच्या शेजारच्या सीटवर. गाडीच्या बंपरवर मात्र ओरखडा नाही.

हे मी त्या दिवशी दवाखान्याच्या दारात दहा माणसांसमोर त्याला ऐकवलं होतं. त्यानंतर अबोला.

"डावी बाजू बसलीय," धाकटा म्हणाला. "स्प्रिंग दोनदा बदलली. चार दिवस बरी राहते, पुन्हा बसते. तू एअर बसव. तिला वर घ्यायचंय."

"कुणाला?"

तो गाडीला वळसा घालून डावीकडे गेला आणि शर्टाच्या बाहीनं त्या बाजूची काच पुसायला लागला. आतून कुणाला नीट दिसावं म्हणून पुसावी तशी, हळूहळू.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मनात आलं, येऊ दे, रोज येऊ दे. रोज नजरेसमोर असेल तर रोज बोलता येईल. राग माणसाला असा हिशोबी करतो.

"ठेवून जा," मी म्हणाले.

काम सुरू करण्याआधी मी प्रत्येक गाडीचं वजन करते. चार सपाट पाट्या असतात, एकेका चाकाखाली एकेक. कुठल्या कोपऱ्यावर किती भार आहे ते पडद्यावर दिसतं, आणि त्यावरून फुग्यात किती हवा लागेल ते ठरतं. या गाडीचं जुनं वजन माझ्या वहीत होतं. अकराशे अठरा किलो. आता पडदा अकराशे अठ्ठ्याऐंशी दाखवत होता.

सत्तर किलो जास्त.

शेजारच्या भागात वेल्डरकाका काम करतात. वीस वर्षांचा शेजार. त्यांना हाक मारली. आम्ही पाट्यांची अदलाबदल केली. तेच वजन. डिकी रिकामी केली, जादाचं चाक काढलं, इंधन मोजलं, सगळ्याचं वजन वजा केलं. तरी सत्तर शिल्लक. आणि ते कसं पसरलं होतं ते बघून मला जास्त विचित्र वाटलं. एखादी जड वस्तू डिकीत असली तर मागची चाकं दबतात. इंजिनात काही असलं तर पुढची. इथे डाव्या पुढच्या चाकावर सगळ्यात जास्त, डाव्या मागच्यावर त्याहून थोडं कमी, उजवीकडे किंचित. असा भार एकाच जागेवरून येतो. शेजारच्या सीटवर माणूस बसला की.

"कुणी उतरायचं राहिलंय का आत?" वेल्डरकाका हसत म्हणाले. मग काचेतून आत डोकावले आणि हसायचे थांबले. आत काही दिसलं म्हणून नाही. काहीच दिसलं नाही म्हणून.

"सांगाडा गंजून पाणी धरत असेल," मी म्हणाले.

"सत्तर लिटर?"

मी चिडून मॅट उपसले, दारांची अस्तरं काढली, छपराचं कापड उतरवलं. शेवटी ती सीटच चार बोल्ट काढून बाहेर आणली. सीट अठरा किलोची. पडद्यावरचं वजन बरोबर अठरानं कमी झालं. वरचे सत्तर होते तिथेच होते, जिथे आता सीटसुद्धा नव्हती. मी बाकावरचा डबा उचलून भिंतीवर फेकला. ती पहिली फेकाफेक.

सीट पुन्हा बसवताना हाताला ऊब लागली. शेडमध्ये तेव्हा थंडी होती. पाना हातात धरवत नव्हता इतकी. आणि सीट जमिनीवर अर्धा तास पडलेली. तरी पाठीला आणि बुडाला ऊब होती, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

वही मिटताना वेल्डरकाकांनी पानावर बोट ठेवलं.

"बाई, हे जुनं वजन तुमच्याच अक्षरात आहे."

"मग?"

"म्हणजे गाडी खाली घेतली ती तुम्हीच."

हो. मीच. हे मी वर सांगितलं नाही, कारण नऊ महिन्यांत मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी धाकट्यानं हट्ट धरला आणि मी त्याला त्या आखूड स्प्रिंगा बसवून दिल्या. फुकट बसवल्या, वाढदिवसाची भेट म्हणून. काम झालं तेव्हा आई डबा घेऊन शेडवर आली होती. ती त्या शेजारच्या सीटवर बसली आणि तिला उठताच येईना. गुडघे छातीपर्यंत आले. "अगं, माणसांसाठी केलीस की कोंबड्यांसाठी?" असं ती रागानं म्हणाली होती. मी हसून हात देऊन तिला ओढून काढलं. तिचा हात घामेजला होता. ती खरंच घाबरली होती, आणि मी हसत होते.

"तुम्ही तुमचं वेल्डिंग बघा," मी काकांना म्हणाले.

मंगळवारी स्प्रिंगा काढल्या. बुधवारी चारही फुगे बसले, नळ्या ओढल्या, टाकी आणि कॉम्प्रेसर डिकीत गेले. गुरुवारी हवा भरली आणि गळतीची तपासणी सुरू केली. साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक जोडावर लावायचं. हवा सुटत असेल तर बुडबुडे येतात. सोपं काम. पण बुडबुडे कुठेच येत नव्हते आणि हवा सुटल्याचा आवाज मात्र येत होता. बारीक, थांबत थांबत. फुस्स. मग शांतता. मग पुन्हा फुस्स. मी गाडीखाली आडवी पडून कान लावत गेले. आवाज खालून येत नव्हता. वरून येत होता, गाडीच्या आतून, डाव्या बाजूनं.

आमची आई रागावली की बोलायची नाही. नाकानं श्वास सोडायची. स्वयंपाकघरातून तो आवाज आला की आम्ही दोघं पुस्तकं उघडून बसायचो.

मी गाडीखालून बाहेर आले आणि रेडिओ लावला. मोठ्यानं.

गेजवर बघितलं तर हवा कमी झालीच नव्हती. वाढली होती. डाव्या पुढच्या फुग्याचा काटा सकाळी अठ्ठ्याण्णव पाउंडांवर होता, दुपारी नव्याण्णवच्या थोडा पुढे. बंद फुग्यातला दाब असा वाढतो तो दोनच कारणांनी. ऊन, नाहीतर वरचा भार. शेडमध्ये ऊन येत नाही.

सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये एकच गोष्ट घडली होती. धाकटा जेवणाच्या सुट्टीत येऊन गाडीत बसून गेला होता.

तो रोज यायचा. मी ठरवल्याप्रमाणे रोज बोलायचे. "आलात? आज कुठल्या रस्त्यानं आलात, वळसा घालून?" वगैरे. त्याच्यावर परिणाम शून्य. पालथ्या घड्यावर पाणी. तो सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा, दार लावून घ्यायचा, आणि अर्धा तास डावीकडे तोंड करून हळू आवाजात काहीतरी बोलायचा. मध्येच मान हलवायचा. मध्येच थांबून ऐकायचा. त्याचं जाणं-येणं झालं की मी पाट्यांवर नजर टाकायचे. नव्या सामानाचं वजन वजा करूनही सोमवारचे सत्तर गुरुवारी त्र्याहत्तर झाले. शनिवारी शहात्तर.

शनिवारी सकाळी वेल्डरकाका नळ्या धरणारं एक ब्रॅकेट जोडायला गाडीखाली गेले आणि मिनिटभरात सरपटत बाहेर आले. चेहरा पांढरा.

"बाई, मी या गाडीखाली जाणार नाही."

"का?"

"वरून कुणीतरी टाच आपटतंय. माझ्या तोंडाच्या बरोबर वर. टक, टक, टक. वाट बघून कंटाळल्यासारखी."

"काका, पत्रा तापला की वाजतो."

"वीस वर्षं पत्रा जोडतोय मी," ते म्हणाले आणि हात पुसत आपल्या भागात गेले. दुपारभर त्यांनी माझ्याकडे पाठ करून काम केलं.

त्याच दिवशी भावजय आली. धाकट्याची बायको. ती माझ्याकडे कधी येत नाही. मी दवाखान्याच्या दारात जे बोलले, ते तिच्यादेखत बोलले होते. हातात पिशवी, तोंडावर जागरण.

"ताई, तुम्हाला राग आहे ते कळतं मला. पण यांच्याकडे जरा बघा."

"काय झालंय त्याला? गरगरीत आहे."

"दिसायला आहेत. दोन डॉक्टरांनी बघून सांगितलं, काही नाही. पण ताई…" तिनं पिशवी खाली ठेवली. "हे झोपतात ना, तर गादी दबत नाही. मी शेजारी झोपते, माझ्या बाजूला खळगा पडतो. यांच्या बाजूची चादर सकाळी इस्त्री केल्यासारखी. आणि जिन्यात यांचे पाय वाजत नाहीत आताशा. मी दार उघडते तर हे समोर उभे."

मी तिच्यावर उखडले. तुम्ही दोघं मिळून मला वेड लावणार आहात, असं काहीतरी म्हणाले. ती निमूटपणे ऐकून निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "रोज संध्याकाळी त्या गाडीत जाऊन बसायचे. नऊ महिने. मी अडवलं नाही. मला वाटलं, रडायला जात असतील."

रविवारी शेड बंद असते. मी अकराला एकटी आले. वायरिंग तेवढं उरलं होतं, ते उरकून गाडी त्याच्या दारात टाकायची आणि हा विषय संपवायचा, असं ठरवून. शटर वर केलं तर धाकटा आधीच आत. त्याच्याकडे जुनी किल्ली होती. ड्रायव्हरच्या सीटवर बसून, डावीकडे वळून, मान हलवत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला मारलंस ते मारलंस, आता तिच्याशी गप्पा मारतोस? मी दार उघडलं, त्याची कॉलर धरली आणि सगळा जोर लावून त्याला बाहेर खेचलं.

जोर लागलाच नाही. तो गोधडीसारखा आला. माझ्या एका हातात. त्याचे पाय क्षणभर जमिनीवर नव्हतेच. मी तोल जाऊन मागे पडले आणि तो माझ्या अंगावर, आणि अंगावर माणूस पडल्याचा धक्कासुद्धा बसला नाही.

मी उठले. त्याला दंडाला धरून उभं केलं. पोट तेवढंच. खांदे तेवढेच. मी एक जादा पाटी ओढली.

"उभा राहा."

"ताई, राहू दे."

"उभा राहा म्हणते ना!"

तो उभा राहिला. लग्नात अठ्ठ्याहत्तर किलोचा होता. तेव्हापासून शर्टाचं मापही बदललेलं नाही.

पडद्यावर आकडा आला. अठ्ठेचाळीस.

मी पाटीवर स्वतः उभी राहिले. अडुसष्ट. बरोबर. त्याला पुन्हा उभं केलं. अठ्ठेचाळीस.

तीस किलो कमी. आई शेवटी शेहेचाळीसची होती, दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं मी वाचलंय. तीस आणि शेहेचाळीस. मी गाडीच्या पडद्याकडे बघितलं नाही. गरज नव्हती.

"हे काय आहे?" माझा आवाज शेडमध्ये घुमला. "हे काय चालवलंयस तू?"

"ती सोडत नाही," तो म्हणाला. "मीही जायचं थांबवलं नाही. एकटी कशी ठेवायची तिला? चिडलीय, ताई. फार चिडलीय."

"आई गेलीय!"

"त्या दिवशी ती दुखतंय म्हणत नव्हती. तुला सगळ्यांनी सांगितलं, शांतपणे गेली. खोटं आहे. ती रागानं थरथरत होती. एवढ्या खाली कुणी माणसाला बसवतं का, म्हणाली. मला श्वास घेता येईना, मला उठता येईना, वर घे मला. शेवटपर्यंत तेच. वर घे, वर घे. मी म्हणालो, आई, गाडी वर होत नाही." त्यानं तोंड पुसलं. "मग गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो तर पुन्हा सुरू."

मी पाटीचा पडदा बंद केला.

"मी तिला सांगितलं, ताई करून देईल. तर म्हणाली…"

"काय म्हणाली?"

"काही नाही. काम पुरं कर."

"काय म्हणाली ते सांग!"

"काम पुरं कर, ताई."

मला त्याला मारावंसं वाटलं. हात उचललाही. पण ज्याला फुंकरीनं ढकलता येईल त्याला मारणार कसं? मग मी तो राग घेऊन गाडीच्या डाव्या बाजूला गेले. आत काही नाही, हे एकदा त्याला दाखवून द्यायचं होतं. दार उघडलं, पाठ वळवली आणि त्या सीटवर दाणकन बसले.

मी सीटवर बसले नाही.

लहानपणी ज्यानं आईच्या मांडीवर अंग टाकलंय त्याला ते समजावून सांगावं लागत नाही. खाली दोन मांड्या होत्या. हाडकुळ्या, उबदार. माझ्या पाठीला एक छाती लागली. ती वरखाली होत होती.

डोक्याच्या मागे, केसांत, नाकानं सोडलेला श्वास.

फुस्स.

त्या मांड्या माझ्याखाली ताठ झाल्या. लाड करताना होतात तशा नाही. ऊठ म्हणताना होतात तशा.

मी बाहेर आले. कशी आले आठवत नाही. गुडघा सोलवटला होता.

"कळलं?" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच राग होता. "नऊ महिने, ताई. तू फक्त एक क्षण बसलीस."

वायरिंगला दीड तास लागतो. मी पाऊण तासात केलं. डाव्या बाजूचं काम होतं तेव्हा तिथे न बघता, हातानं चाचपून. टाच आपटल्याचा आवाज मला आला. वेल्डरकाकांना मी खोटं पाडलं होतं.

एकच्या सुमाराला मी वरचं बटण दाबलं. कॉम्प्रेसर घरघरला, आणि गाडी उठली. आधी उजवी बाजू, मग, बऱ्याच वेळानं, डावी. चाकांच्या कमानीत माझा तळवा आडवा मावायला लागला तेव्हा मी थांबवलं. टाचेचा आवाज बंद झाला होता. नाकाचा श्वासही.

"चल," मी म्हणाले.

"कुठे?"

"जिथे न्यायची होती तिथे. सरळ रस्त्यानं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग गाडीत बसला. तो बसला तेव्हा उजवी बाजू जेमतेम हलली. मी मागे बसले, त्याच्या पाठीमागे. डावीकडे बघायचं नाही असं ठरवून, खिडकीबाहेर नजर ठेवून.

सुट्टीचा दिवस, रस्ता मोकळा. आधी आईच्या घरासमोर गेलो, आणि तिथून वळताना मी घड्याळ बघून ठेवलं. एका बंद दुकानाच्या काचेत आमची गाडी दिसली. उंच, जरा डावीकडे कललेली. पुढे एकच डोकं.

पहिला स्पीडब्रेकर आला. धाकट्याचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले. गाडी चढली आणि उतरली. काही घासलं नाही. दुसरा. तिसरा. तिसऱ्यावरून उतरताना धाकटा रडत होता, तोंड उघडं टाकून, आवाज न करता. मी हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला. शर्टात जणू हवाच होती.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये गाडी थांबली. मी पुन्हा घड्याळ बघितलं. बारा मिनिटं.

धाकटा उतरला, वळसा घालून आला आणि त्यानं डावं दार उघडलं. मग बाजूला उभा राहिला. मी मागच्या सीटवरून हलले नाही.

दोनेक मिनिटं काहीच झालं नाही. मग गाडीची डावी बाजू वर आली. हळूहळू, धरत धरत. गुडघे दुखणारं माणूस दाराच्या चौकटीला धरून उतरतं तशी. दोन बोटं, तीन बोटं, आणि गाडी सपाट झाली.

त्याच क्षणी धाकट्याचा पाय फरशीवर धप्पकन वाजला. त्यानं खाली बघितलं. मग दुसरा पाय उचलून टेकवला. तोही वाजला. त्यानं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि हसला. नऊ महिन्यांनी. मीसुद्धा हसले. माझा राग कुठे गेला होता देव जाणे. एखादा फुगा रिकामा व्हावा तसं मला आतून सैल वाटत होतं. मी दार उघडून उतरले आणि त्याला मिठी मारली. जड होता, घट्ट होता, घामेजलेला होता.

"झालं," मी म्हणाले. "संपलं."

गाडी थांबलेली बघून दवाखान्यातला एक म्हातारा अटेंडंट व्हीलचेअर घेऊन आला होता. रिकामी. पेशंट नाही हे त्याला सांगावं म्हणून मी वळले, तर तो व्हीलचेअर उघड्या दारापासून वळवून घेऊन निघालाही होता, चढाच्या रॅम्पकडे. दोन्ही हात दांड्यांवर, पाय रोवून, वाकून, जोर लावत. चाकांचे टायर खाली दबले होते.

"अहो," मी हाक मारली.

त्यानं ऐकलं नाही. वर पोचल्यावर धाप टाकत थांबला. मग खुर्चीतून कुणीतरी काही बोलल्यासारखा पुढे वाकला, कान जवळ नेला आणि मान हलवली.

मग वळून त्यानं आमच्याकडे बघितलं. आधी धाकट्याकडे. त्याच्यावरून नजर पुढे गेली. आणि त्यानं बोट माझ्याकडे केलं.

"तुम्हाला बोलावतायत," तो म्हणाला. "एकटीलाच."